कॉलेजच्या स्टुडंट सपोर्ट सेलमध्ये काम करायचंय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्याजवळच्या एका खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थी सहाय्य कक्षात, म्हणजे मुलांच्या भाषेत 'सपोर्ट सेल'मध्ये, नऊ वर्षं काम करतेय. दर उन्हाळ्यात कुणाची तरी भाची, कुणाच्या तरी मित्राचा एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालेला भाऊ फोन करतो आणि तेच तेच विचारतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं. कॉलेजचं नाव विचारू नका, नोकरी अजून चालू आहे.

हे नेमकं काय काम असतं?

जाहिरातीत 'विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास' असं लिहिलेलं असतं, ते तिथेच सोडून द्या. प्रत्यक्षात एक टेबल, दोन खुर्च्या, एक अर्धवट चालणारा प्रिंटर आणि समोर रांग. शिष्यवृत्तीचे फॉर्म, फीचे हप्ते, हॉस्टेलची भांडणं, अटेंडन्स कमी म्हणून डिफॉल्टर लिस्टमध्ये आलेली पोरं, 'वायडी' म्हणजे इयर डाऊन झालेली पोरं, घरच्यांशी बोलणं, काउन्सेलरकडे पाठवणं, अँटी रॅगिंगचे कागद, तक्रार समितीच्या मीटिंगचं मिनिट्स लिहिणं, आणि ज्या कामाला दुसरं कुठलंच टेबल नाही ते सगळं आपल्याकडे.

पण यातलं खरं काम म्हणजे, मुलगा जे मागायला येतो ते त्याला हवं असतंच असं नाही, हे ओळखणं. ऑगस्टमध्ये एक सेकंड इयरचा मुलगा आला, मॅडम बोनाफाईड पाहिजे. कशाला रे? एसटीच्या पासला. मी सही करून दिलं पण, आणि तो दरवाज्यापर्यंत गेल्यावर माझ्या डोक्यात आलं की हा तर हॉस्टेलचा मुलगा, याला एसटीचा पास कशाला? परत बोलावलं. मेसचं बिल थकलं म्हणून त्याने हॉस्टेल सोडलं होतं, शिरूरच्या पुढून रोज येऊन जाऊन करत होता, पहिलं लेक्चर चुकायचं, आणि डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव येऊन सुद्धा त्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं. वर्गशिक्षकांना वाटत होतं पोरगं उनाडलंय. एका बोनाफाईडच्या मागे एवढं होतं.

शिक्षण काय लागतं?

कॉलेजवर आहे. समुपदेशकाच्या पोस्टला एमए सायकॉलॉजी किंवा एमएसडब्ल्यू मागतात. एमएसडब्ल्यू असेल तर फायदा होतो कारण फिल्डवर्कमध्ये तुम्ही वस्तीत, हॉस्पिटलमध्ये, सरकारी ऑफिसात चपला झिजवलेल्या असतात. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे (१९६३ पासून), मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट आहे, निर्मला निकेतन आहे, तिथली मुलं या कामात बरी टिकतात असं माझं मत. स्कॉलरशिप डेस्कला मात्र कुठलाही ग्रॅज्युएट चालतो, एमएससीआयटी आणि मराठी टायपिंग असलं की झालं.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. एमए सायकॉलॉजी म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. 'तुला डिप्रेशन आहे' असं निदान आपण करायचं नाही. ऐकायचं आणि योग्य माणसाकडे पोचवायचं, बस.

पगार?

कमी. मी लागले तेव्हा १४ हजार हातात पडायचे आणि ऑर्डर अकरा महिन्यांची होती. विनाअनुदानित म्हणजे सरकारकडून पगाराला पैसा नाही, जे काही ते फीमधून. त्यामुळे फी आणि शिष्यवृत्तीची रक्कम अडकली की पगार पण पुढे जातो, त्यात एक गंमत अशी की ती अडकलेली फाइल पुढे ढकलणारे पण आपणच. इंटरव्ह्यूमध्ये पीएफ कापणार का, ऑर्डर किती महिन्यांची, उन्हाळ्यात ब्रेक देणार का, हे तिन्ही विचाराच, लाजू नका. आणि तोंडी सांगितलेला पगार ऑर्डरवर तेवढाच आहे का बघा.

मला शिष्यवृत्त्यांमधलं काही कळत नाही, चालेल का?

सुरुवातीला चालेल, दिवाळीनंतर नाही चालणार. या नोकरीत रडणारी जी पोरं समोर येतात त्यातली निम्मी 'सेंड बॅक' झालेल्या फॉर्ममुळे रडत असतात, आणि तिथे सहानुभूतीचा उपयोग शून्य, तिथे नेमका कुठला कागद चुकलाय ते सांगणारा माणूस पाहिजे.

ढोबळ चित्र असं. महाराष्ट्रात बहुतेक सगळं महाडीबीटी पोर्टलवर चालतं. मुलगा फॉर्म भरतो, तो आपल्या क्लार्क लॉगिनला येतो, आपण कागद तपासून प्राचार्यांच्या लॉगिनला पाठवतो, तिथून त्या त्या खात्याकडे. एससीच्या मुलांना भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तिला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, त्याच्या वर असेल तर फ्रीशिप. ओपनच्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, ज्याला सगळे अजून 'ईबीसी' म्हणतात, त्यात उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि ट्यूशन फीच्या ५० टक्के, आणि एका कुटुंबातल्या दोनच मुलांना. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी यांच्या योजना वेगळ्या. आदिवासी विकास विभागाच्या वेगळ्या. हे एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा, मी अजून ठेवते.

कागद कुठे अडकतात ते सांगते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, बापाच्या कंपनीचं सॅलरी सर्टिफिकेट चालत नाही. नॉन क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते आणि मुलांना ते एप्रिलमध्ये कळतं. जात पडताळणी झालेली नसते. दहावीच्या मार्कलिस्टवर आईचं नाव एक आणि आधारवर दुसरं. शिक्षणात मध्ये खंड पडला असेल तर त्या गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट नसतं. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे आधार सीडिंग. मुलगा छातीठोकपणे सांगतो, मॅडम माझं खातं आधारला लिंक आहे. लिंक असतं, पण पैसे जातात ते आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात, आणि ते कधीकाळी सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं निघतं जे त्या पोराला आठवत पण नाही. त्याचे पैसे तिकडे जाऊन पडलेले असतात आणि हा इकडे 'सरकारने दिले नाहीत' म्हणत बसलेला. पैसे आले नाहीत म्हणून कुणी आलं की पहिले आधारशी कुठली बँक जोडलेली आहे ते चेक करायला लावायचं, बाकी चर्चा नंतर.

मुलींना फी माफ आहे ना? मग कॉलेज पैसे का मागतं?

हा प्रश्न जून ते सप्टेंबर दिवसातून वीस वेळा येतो, आणि विचारणारे वडील चिडलेलेच असतात, कारण त्यांनी बातमी ऐकलेली असते 'मुलींना मोफत शिक्षण'. बातमी खरी आहे पण पूर्ण नाही. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे त्यांना आधी ट्यूशन आणि परीक्षा फीत ५० टक्के सवलत होती ती १०० टक्के झाली, २०२४-२५ पासून, आधीच शिकत असलेल्या मुलींना सुद्धा. पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला नाही. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना नाही. आणि माफ होते ती ट्यूशन आणि परीक्षा फी, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, बस हे नाही. वाद नेहमी या डेव्हलपमेंट फीवरून पेटतो.

काका समोर ओरडत असतील तर 'आमच्या हातात काही नाही' हे वाक्य तोंडातून काढू नका, आगीत तेल. फी स्ट्रक्चरचा कागद काढायचा, पेनने दोन ओळींखाली रेघ मारायची, ही माफ, ही नाही. नव्वद टक्के वेळा माणूस खाली बसतो. मग म्हणतो, ताई हे आधी कुणी सांगितलं नाही. आणि खरंच सांगितलेलं नसतं.

शिष्यवृत्तीचे पैसे थेट मुलाच्या खात्यात येतात, मग कॉलेजचा संबंध काय?

इथेच सगळ्यात वाईट प्रसंग येतात. २०२१ मध्ये एससी मुलांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे नियम बदलले, केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के, आणि केंद्राचा हिस्सा फीसकट थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. म्हणजे पैसे आधी मुलाकडे येणार आणि त्याने ते सात दिवसांत कॉलेजला भरायचे. हेतू चांगला होता, मध्ये कुणी खाऊ नये. पण ज्या घरात एकरकमी एवढे पैसे कधी आलेलेच नाहीत त्या घरात ते आल्या आल्या काय होतं याचा विचार करा.

आमच्याकडे एक थर्ड इयरची मुलगी होती, तिचे पैसे आले त्याच आठवड्यात आईचं ऑपरेशन निघालं. पैसे गेले. अकाउंट्सने तिचं नाव थकबाकीच्या यादीत टाकलं, आणि ती कॉलेजलाच यायची बंद झाली. मैत्रिणीकडून कळलं. फोन केला तर उचलेना, मग मी मेसेज केला की फीसाठी नाही फोन करत, परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख चाललीय म्हणून करतेय. तेव्हा उचलला. तिला वाटत होतं पोलीस केस होईल. मी तिच्याकडून साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला, पुढचा हिस्सा आला की भरते आणि बाकीचे चार हप्त्यांत भरते, हॉस्पिटलच्या बिलाची झेरॉक्स जोडली आणि प्राचार्यांच्या सहीला नेला. सर म्हणाले असे सगळेच अर्ज आणतील. मी म्हटलं आणू दे सर, निदान येतील तरी. सही झाली, तिने दोन हप्ते भरले, तिसरा उशिरा भरला, चौथा पास आउट होताना नो ड्यूजला भरला.

यात माझं काही शौर्य नाही. सांगायचा मुद्दा एवढाच की अर्ज लिहून ठेवायचा. तोंडी कबुली कितीही गोड असली तरी पुढच्या वर्षी साहेब बदलले की ती हवेत जाते.

मग आपण कॉलेजच्या बाजूचे की मुलांच्या?

पगार कॉलेज देतं. हे विसरून वागलात तर दोन महिन्यांत बाहेर, आणि तेवढंच लक्षात ठेवून वागलात तर मुलं तुमच्या टेबलाकडे फिरकणार नाहीत. मला जे जमलं ते असं, की भांडायचं नाही, नियम दाखवायचा. फी बाकी आहे म्हणून मुलाचे ओरिजिनल अडकवून ठेवायचं बोलणं निघालं की मी आवाज न चढवता एवढंच म्हणते, सर, यूजीसीचा नियम आहे, ओरिजिनल ठेवता येत नाहीत, उद्या तक्रार गेली तर आपण उत्तर काय देणार? 'आपण' हा शब्द महत्त्वाचा. साहेबांना पण कुणीतरी आपल्या बाजूने सावध केलेलं चालतं, विरोधात गेलेलं नाही चालत.

तक्रार निवारणाचा रस्ता तुम्हाला पाठ पाहिजे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती लागते, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, आणि मुलाचं समाधान नाही झालं तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. मुलांना यातलं काही माहीत नसतं, बोर्ड लावलेला असतो पण तो कपाटाच्या मागे. मी तो बोर्ड पाण्याच्या कूलरशेजारी लावून घेतला, तिथे सगळे थांबतात.

मुलं खरंच येऊन रडतात का? तेव्हा काय करायचं?

रडतात. मुलगे जास्त रडतात, हे मला आधी माहीत नव्हतं. पाणी द्या, दार पूर्ण लावू नका, थोडं उघडं ठेवा, आणि गप्प बसा. 'रडू नको', 'असं काय करतोस', 'तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली मुलं शिकतात' यातलं काहीही बोलू नका. पाच मिनिटांनी पोरगं स्वतःच सांगतं. आणि फोन उलटा ठेवा, मुलांचं लक्ष त्यावर असतं, तुम्ही दोनदा स्क्रीनकडे बघितलंत की ते 'काही नाही मॅडम, जातो' म्हणून उठतं.

एखादा म्हणाला 'मॅडम, कुणाला सांगू नका', तर?

आधीच वचन देऊन मोकळं व्हायचं नाही. मी म्हणते, तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, बाकी काही असेल तर तुझ्या परवानगीशिवाय नाही सांगणार. हे ऐकून आजवर एकच जण उठून गेला आणि तो पण दुसऱ्या दिवशी परत आला.

डिप्लोमाच्या आणि काही फर्स्ट इयरच्या मुलांचं वय अठराच्या आत असतं हे ध्यानात ठेवा. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, तिथे गुप्ततेचा प्रश्न येत नाही. मोठ्या मुलींच्या छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे. तक्रार लिहायला मदत करा, पण स्वतः चौकशी करत बसू नका, 'खरंच असं झालं का गं' हे विचारायचं काम आपलं नाही.

कुणी जीव देण्याबद्दल बोललं तर?

सरळ विचारायचं, तुझ्या मनात स्वतःला संपवायचे विचार येतात का. विचारल्याने डोक्यात विचार घुसतो हा गैरसमज आहे, उलट मुलाला हायसं वाटतं की कुणीतरी बोललं. हो म्हणाला तर त्याला एक मिनिट एकटं सोडायचं नाही, काउन्सेलरला तिथेच बोलावायचं, घरच्यांपैकी ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे त्याला फोन करायचा. बापालाच करायचा असं नाही, माझ्याकडे एकदा मामा आला होता आणि तेच बरोबर होतं. टेलिमानस १४४१६ हा नंबर फोनमध्ये सेव्ह करा, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. अगदी तातडीचं असेल तर ११२.

जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरातल्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलंय, आणि हेल्पलाइनचे नंबर ठळक लावायला. त्यामुळे या पोस्टच्या जाहिराती आता जास्त दिसतात. काही ठिकाणी मात्र आहे त्याच प्राध्यापकाच्या केबिनवर 'समुपदेशक' अशी पाटी लावून काम भागवतात, ते इंटरव्ह्यूला गेल्यावर डोळ्यांनी बघून घ्या.

आणि असा दिवस गेल्यावर घरी जाऊन लगेच स्वयंपाकाला लागू नका. मी चालत बसस्टॉपपर्यंत जाते, दोन स्टॉप पुढच्या.

पालकांशी कसं बोलायचं?

गावाकडून आलेल्या माणसाला आधी खुर्ची, मग पाणी, मग विषय. तो सकाळी चारची गाडी पकडून आलेला असतो आणि कॉलेजच्या काचेच्या दरवाज्यातून आत यायलाच त्याला अर्धा तास लागलेला असतो. त्याच्यासमोर मुलाला झापू नका. 'तुमच्या मुलाचे चार विषय राहिलेत' असं धाडकन सांगण्यापेक्षा, 'काका, चार विषय परत द्यायचेत, त्यातले दोन या वेळी निघतील असं सर म्हणतायत' असं सांगा. तेच सांगताय, पण माणूस जाताना मुलाला मारत नाही, रस्त्यात वडापाव खायला घालतो.

शहरातल्या शिकलेल्या पालकांची तऱ्हा वेगळी. ते मेल करतात, सीसीमध्ये डायरेक्टर. त्यांना त्याच दिवशी उत्तर द्या, दोन ओळींचं का होईना.

आणि मुलगा किंवा मुलगी अठराच्या वरची असेल तर ती काउन्सेलरशी काय बोलली हे आईबापाने विचारलं तरी सांगायचं नाही. याच्यावरून मला एकदा एका आईने चिक्कार ऐकवलं होतं. ऐकून घेतलं.

रॅगिंगचं काय?

महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, आणि तक्रार आली की संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची. वर यूजीसीचे २००९ चे नियम आहेत, दरवर्षी मुलगा आणि पालक दोघांचं शपथपत्र. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. मुलं ते शपथपत्र मित्राच्या मोबाईलवरून दोन मिनिटांत भरतात आणि वाचत नाहीत. 'इंट्रो' आणि 'मजा' या दोन शब्दांखाली काय काय होतं ते हॉस्टेलच्या मेसवाल्या मावशींना सगळ्यात आधी कळतं, त्यांच्याशी ओळख ठेवा.

राहण्या-खाण्याची अडचण असलेल्यांना काय सांगायचं?

फीपेक्षा हीच अडचण जास्त, आणि हीच मुलं लपवतात. फी माफ झाली तरी पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं आणि दोन वेळचा डबा लावायचा म्हणजे शेतमजुराच्या घराला झेपत नाही. सरकारी हॉस्टेलला नंबर नाही लागला तर एससी आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, पुणे-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत. आदिवासी मुलांसाठी स्वयं योजना, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि ओपन-ईबीसीच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या, तारखा वेगळ्या, त्या बघून सांगा, ऐकीव माहितीवर मुलाला पळवू नका.

पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून गावाकडच्या मुलामुलींची वसतिगृहं चालवते, कमी पैशांत राहायचं आणि कामं वाटून करायची, तिथली मुलं लगेच ओळखू येतात कारण ती वेळेवर येतात. 'कमवा आणि शिका' ही कर्मवीर भाऊराव पाटलांची वाट, त्यांच्या नावाने ही योजना पुणे विद्यापीठात पण चालते, पण सगळी खासगी कॉलेजं राबवत नाहीत. आम्ही लायब्ररीत चार मुलं घेतो. चारच. तरी दरवर्षी चाळीस अर्ज येतात आणि ते चार निवडणं हे माझं सगळ्यात नावडतं काम.

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी वेगळं काही शिकावं लागतं का?

हो, आणि कुणी शिकवत नाही. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यात डिस्लेक्सियासारखी न दिसणारी पण. परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्तीचा वेळ, गरज असेल तर लेखनिक. अर्ज परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही, फॉर्म भरतानाच करायला लावा. आणि ज्या मुलाला जिना चढता येत नाही त्याचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर लावणाऱ्या टाइमटेबल इनचार्जला मुलासमोर बोलू नका, एकटं गाठा, बदलून देतात.

जीएफएम असतातच की, मग आपण कशाला?

जीएफएम म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर, वीस-पंचवीस मुलं एका शिक्षकाकडे. काही जण फार जीव लावतात. पण त्याच शिक्षकाच्या हातात इंटर्नलचे मार्क असतात, त्यामुळे मुलगा त्याच्यापुढे किती मोकळा होणार? आपल्या हातात मार्क नाहीत हीच आपली ताकद, आणि म्हणूनच स्टाफरूममध्ये आपल्याला कुणी मोजत नाही. दोन्ही एकदम स्वीकारा.

नॅकचं कामही करावं लागतं म्हणे?

हो. नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. तिच्या निकषांपैकी क्रायटेरियन पाच, 'विद्यार्थी सहाय्य आणि प्रगती', हे आपल्याच गळ्यात. किती मुलांना शिष्यवृत्ती, किती शिबिरं, किती तक्रारी सुटल्या, फोटो, हजेरीपत्रक, सह्या. जे काम केलं ते त्याच दिवशी नोंदवा नाहीतर नॅकच्या आधी महिनाभर रात्री बसून जुने फोटो शोधावे लागतात. फक्त समुपदेशनाच्या नोंदी नावासकट त्या फाइलमध्ये जाऊ देऊ नका. आकडा द्या, नाव नाही. कितीही वरून दबाव आला तरी.

सुट्ट्या?

शिक्षकांना उन्हाळी असते, आपल्याला नसते.

पुरुषांना घेतात का?

घेतात, आणि जास्त घ्यायला हवेत. हॉस्टेलच्या मुलांना रात्री अकराला फोन करून बोलावंसं वाटेल असा एक दादा सेलमध्ये असला की निम्मे प्रश्न माझ्यापर्यंत येतच नाहीत.

इंटरव्ह्यूत काय विचारतात?

'तुम्हाला विद्यार्थ्यांविषयी तळमळ आहे का' हे विचारतात, हो म्हणा. मग 'प्रेशर हँडल कराल का' हे विचारतात, त्याचा अर्थ लोक सोडून जातात. तुम्ही मात्र उलट विचारा, सेलमध्ये आत्ता किती माणसं आहेत, बसायची जागा कुठे आहे, काउन्सेलरला वेगळी खोली आहे का. मला एका ठिकाणी टेबल फी काउंटरच्या शेजारीच दाखवलं होतं. थकबाकीच्या रांगेत उभं राहून कोण मन मोकळं करणार? मी ती नोकरी घेतली नाही.

पहिल्या आठवड्यात काय करू?

शिपाई मामांचं नाव विचारा आणि नावापुढे मामा लावून हाक मारा, कुठला मुलगा दोन तास जिन्यात एकटा बसलाय हे तेच सांगतात. अकाउंट्समधल्या बाईंशी चहा प्या. मागच्या वर्षीची सेंड बॅक यादी काढा आणि त्यातल्या मुलांना एकेक करून फोन लावा, अर्ध्यांना माहीतच नसतं की फॉर्म परत आलाय. तिसरी खुर्ची मागून घ्या, कारण मुलगा एकटा येत नाही, मित्राला घेऊन येतो, आणि उभं ठेवलेला मित्र त्याला घाई करतो. आणि कॅप राउंडच्या दिवसांत जॉइन होत असाल तर डबा थोडा जास्तच आणा, कॅन्टीन तीनला बंद होतं आणि लांबून आलेले पालक साडेतीनला पोचतात.